जुन्या व्हीएमसीची सिरियल केबल: लूपबॅक बरोबर येतो, तरी मशीन प्रोग्रॅम घेत नाही

शिरोलीकर

नमस्कार मंडळी,

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमचे जॉबवर्कचे छोटे युनिट आहे. फौंड्रीतून येणाऱ्या कास्टिंगचे मशिनिंग आम्ही करतो आणि त्यासाठी एक जुनी व्हीएमसी (संगणकनियंत्रित उभे मिलिंग मशीन) आहे, जिच्यावर फानुक कंपनीचा ०-एम कंट्रोलर आहे. या मशीनमध्ये प्रोग्रॅम पाठवण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे पॅनेलच्या बाजूला असलेला २५ पिनांचा आरएस-२३२ (जुन्या पद्धतीचा सिरियल) पोर्ट. आतापर्यंत नऊ पिनांचा पोर्ट असलेला एक डेस्कटॉप हे काम करीत होता. पावसाळ्यात त्याचा मदरबोर्ड गेला आणि त्याच सुमारास जुनी केबल उंदराने कुरतडली. आम्ही ती केबल उघडून न पाहताच भंगारात टाकली, ही आमची पहिली चूक.

आता लॅपटॉप आणि यूएसबी-सिरियल अडॅप्टर घेतला आहे. केबल आमच्या इलेक्ट्रिशियनने चार कोअरच्या शील्ड असलेल्या वायरीची, सुमारे सात मीटर लांबीची बनवली. नऊ पिनांच्या बाजूची २ नंबरची पिन २५ पिनांच्या बाजूच्या ३ ला, ३ नंबरची २ ला आणि ५ नंबरची ७ ला, अशी जोडणी आहे. ही आकृती त्यांच्याकडच्या एका जुन्या वहीत होती आणि मशीनवरचे सॉकेट फीमेल असल्यामुळे हीच आकृती लागू होते, असे त्यांचे म्हणणे होते.

पहिल्या प्रयत्नात कंट्रोलरवर ०८६ अलार्म आला. एका परिचितांनी फोनवर सांगितल्याप्रमाणे मशीनच्या बाजूच्या कनेक्टरमध्ये ४ आणि ५ एकत्र, तसेच ६, ८ आणि २० एकत्र जोडले. त्यानंतर अलार्म थांबला, परंतु आता रीड दिल्यावर स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात एलएसके ही अक्षरे नुसती लुकलुकत राहतात आणि लॅपटॉपवर फाइल पूर्ण गेल्याचे दिसले तरी मशीनमध्ये एक ओळही येत नाही.

केबल तपासण्यासाठी आम्ही २५ पिनांच्या टोकाला २ आणि ३ तारेच्या तुकड्याने जोडून टर्मिनल प्रोग्रॅममध्ये टाइप केले, तेव्हा टाइप केलेले प्रत्येक अक्षर परत आले (यालाच लूपबॅक चाचणी म्हणतात). म्हणजे अडॅप्टर चांगला आणि केबलही चांगली, असे आम्ही धरले आहे. सेटिंग दोन्हीकडे सारखेच आहे: वेग ४८०० बॉड, सात डेटा बिट, ईव्हन पॅरिटी, दोन स्टॉप बिट. पाहणी करून गेलेल्या एका गृहस्थांनी कंट्रोलरचा बोर्ड बदलावा लागेल असे सांगितले असून त्याचा खर्च आम्हाला झेपणारा नाही. बोर्डाला हात लावण्यापूर्वी आणखी काय तपासता येईल, हे कृपया कोणी सांगावे.

सांगली_सिरियल

अडॅप्टर बदलून पाहा. बाजारात नकली चिपचे अडॅप्टर पुष्कळ मिळतात आणि ते टर्मिनलवर व्यवस्थित चालतात, पण मशीनवर गेले की रुसतात. आमच्याकडे दोनदा असेच झाले होते.

डाग_आणि_तार

सांगलीकरांचा अनुभव खोटा नाही, पण या प्रश्नात अडॅप्टरवर संशय घेण्याची वेळ अजून आलेली नाही आणि बोर्डावर तर मुळीच नाही. शिरोलीकर, आपण दिलेल्या वर्णनातच दोष दिसतो आहे. आपल्या केबलमध्ये २ आणि ३ या पिनांची अदलाबदल व्हायला नको होती, ती झाली आहे.

गोंधळ कुठे होतो ते सांगतो. नऊ पिनांच्या संगणकी पोर्टवर २ म्हणजे रिसीव्ह आणि ३ म्हणजे ट्रान्समिट. पंचवीस पिनांच्या मूळ मांडणीत मात्र २ म्हणजे ट्रान्समिट आणि ३ म्हणजे रिसीव्ह. नऊ पिनांची मांडणी १९८४ च्या आयबीएम पीसी एटीबरोबर रूढ झाली आणि तेव्हाच हे दोन आकडे एकमेकांच्या जागी गेले. त्यामुळे २५ पिनांचा मोडेम जोडण्यासाठी २ ला ३ आणि ३ ला २ अशी केबल लागते. ती कागदावर उलटी दिसते, पण विजेच्या दृष्टीने सरळ असते. याउलट दोन संगणक, किंवा संगणक आणि सीएनसी (संगणकनियंत्रित मशीनचा) कंट्रोलर, एकमेकांना जोडायचे असतील तर एकाचा ट्रान्समिट दुसऱ्याच्या रिसीव्हला गेला पाहिजे, आणि नऊ-पंचवीसच्या जोडीत ते साधण्यासाठी २ ला २ आणि ३ ला ३ हीच जोडणी बरोबर ठरते. आपल्या इलेक्ट्रिशियनच्या वहीतली आकृती चुकीची नाही, ती मोडेमच्या केबलची आहे.

आता फीमेल सॉकेटविषयी. मेल कनेक्टर म्हणजे संगणकाच्या जातीचे उपकरण आणि फीमेल म्हणजे मोडेमच्या जातीचे, हा आडाखा बहुतेक वेळा खरा ठरतो. पण फानुकच्या पॅनेलवर २५ पिनांचे सॉकेट फीमेल असले तरी पिनांची मांडणी संगणकाच्या जातीचीच असते, म्हणजे तेथेही २ वर मशीन बोलते आणि ३ वर ऐकते. कनेक्टरच्या नर-मादीवरून जात ठरवणाऱ्या कितीतरी जणांना या सॉकेटने आजवर फसवले आहे.

मग लूपबॅक बरोबर कसा आला? आपण पलीकडच्या टोकाला २ आणि ३ एकत्र बांधले, तेव्हा दोन्ही तारांचे मिळून एकच वेटोळे झाले. लॅपटॉपकडून निघालेले अक्षर कोणत्याही तारेने गेले असते तरी दुसऱ्या तारेने परत आलेच असते. त्या चाचणीने अडॅप्टर बोलतो व ऐकतो आणि दोन्ही तारा अखंड आहेत एवढेच सिद्ध झाले. कोणती तार कोणत्या पिनेवर पोचली आहे, हे लूपबॅक कधीच सांगत नाही. ते पाहायचे तर मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून एकेक पिन तपासावी लागते, आणि ज्या पिनांमध्ये बीप यायला नको तेथे तो येत नाही ना, हेही पाहावे लागते. हे दुसरे काम बहुतेक जण टाळतात.

परंतु माझ्या शब्दावरही केबल बदलू नका, आधी मोजा. आरएस-२३२ मध्ये ट्रान्समिटची तार स्वस्थ असताना ग्राउंडच्या तुलनेत ऋण व्होल्टेजवर असते, कारण उणे ३ ते उणे १५ व्होल्ट म्हणजे १ आणि अधिक ३ ते अधिक १५ व्होल्ट म्हणजे ०, आणि काहीच पाठवायचे नसते तेव्हा तार १ वर थांबलेली असते. केबल दोन्हीकडून काढून ठेवा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून काळी सुई मशीनच्या ७ नंबरला आणि लाल सुई आधी २ ला व मग ३ ला लावा. जिथे ठसठशीत ऋण आकडा येतो ती मशीनची बोलण्याची पिन आणि जिथे शून्याच्या आसपास येतो ती ऐकण्याची. अडॅप्टरवरही तसेच करा, मात्र तेथे काळी सुई ५ ला लावा आणि टर्मिनल प्रोग्रॅममध्ये पोर्ट उघडून ठेवा. अडॅप्टरचा आकडा मशीनपेक्षा लहान आला तर घाबरू नका. यूएसबीच्या ५ व्होल्टमधून ते व्होल्टेज तयार होते आणि पुष्कळ अडॅप्टर उणे ५-६ च्या पुढे जात नाहीत, तरी ते चालते.

एक सूचना मात्र तंतोतंत पाळा. फानुकच्या या सॉकेटवर २५ नंबरच्या पिनेवर २४ व्होल्ट असतात. ते जुन्या टेप रीडरसारख्या उपकरणांसाठी ठेवलेले आहेत. मोजताना सुईने शेजारची पिन शिवू देऊ नका आणि केबलमध्ये २५ नंबरला काहीही जोडू नका. पंचवीसच्या पंचवीस तारा सरळ जोडलेली तयार केबल मशीनला लावून तिच्या दुसऱ्या टोकाशी खेळणारे लोक मी पाहिले आहेत.

अलार्मांचाही अर्थ लागतो. ०८६ म्हणजे मशीनला ६ नंबरवर समोरचा तयार असल्याची खूण मिळाली नाही. आपण २० नंबरची स्वतःची खूण ६ आणि ८ ला जोडून दिलीत, तेव्हा मशीनची समजूत पटली आणि अलार्म गेला. एलएसके लुकलुकणे म्हणजे मशीन पहिल्या अर्थपूर्ण अक्षराची वाट पाहत आहे. मशीनच्या रिसीव्हवर आवाजच पोचत नाही, कारण आपल्या आत्ताच्या केबलमध्ये दोन बोलणारे एका तारेवर आहेत आणि दोन ऐकणारे दुसऱ्या तारेवर. बोर्ड जळला असेल का, याची काळजी नको. अशी टक्कर किंवा शॉर्ट सहन करण्याची क्षमता ड्रायव्हरमध्ये असावी, अशी मूळ मानकाचीच अट आहे.

डाग देताना पुढील चूक टाळा. मेल कनेक्टरचे क्रमांक समोरून एका दिशेने वाचायचे असतात आणि मागच्या, म्हणजे डाग देण्याच्या बाजूने पाहिले की ते आरशातल्यासारखे उलटतात. २५ पिनांच्या कनेक्टरमध्ये वरच्या रांगेत १ ते १३ आणि खालच्या रांगेत १४ ते २५ असतात. दिशा उलटली तर २ ऐवजी १२ वर डाग बसतो आणि सगळे हिशेब चुकतात. काळ्या किंवा पांढऱ्या प्लास्टिकवर प्रत्येक पिनेशेजारी अगदी बारीक आकडे उमटवलेले असतात. विजेरी तिरपी धरली की त्यांची सावली पडते आणि ते वाचता येतात. मी अजूनही दरवेळी ते वाचूनच डाग देतो. डाग दिलेल्या प्रत्येक वाटीवर (पिनेच्या मागच्या खळग्यावर) श्रिंक स्लीव्ह चढवा, शील्डची वेणी फक्त मशीनच्या बाजूला १ नंबरला जोडा आणि लॅपटॉपच्या बाजूला ती कापून झाकून टाका.

वेर्णा_मेंटेनन्स

गोव्यात वेर्णा औद्योगिक वसाहतीत अशा तीन मशीन मी सांभाळतो. वरील उत्तराशी सहमत आहे. दोन गोष्टींची भर घालतो.

केबल दुरुस्त झाल्यावर लगेच मशीनकडे प्रोग्रॅम पाठवू नका. आधी मशीनमधला एखादा लहान प्रोग्रॅम पंच करून लॅपटॉपवर घ्या. यात मशीनच्या मेमरीला कोणताही धोका नाही आणि सेटिंग चुकले असेल तर पडद्यावर लगेच दिसते. सगळाच कचरा आला तर बॉड रेट चुकला आहे, असे समजा. पण काही अक्षरे बरोबर आणि काही विचित्र आली, तर लॅपटॉपचे सेटिंग आठ बिट, पॅरिटी नाही, असे राहिले आहे. तेव्हा गंमत अशी होते की ०, ३, ५, ६, ९ हे अंक नीट दिसतात आणि १, २, ४, ७, ८ बिघडलेले दिसतात. जी हे अक्षर शाबूत राहते, एक्स जाते. ज्या अक्षरांच्या सात बिटांमध्ये १ ची संख्या विषम असते, त्यांना ईव्हन पॅरिटीचा आठवा बिट लागतो आणि तोही अक्षराचाच भाग म्हणून वाचला जातो. हा नमुना एकदा डोळ्यांत बसला की कारण शोधावे लागत नाही. मशीनचा बॉड रेट पाहायचा तर पॅरामीटर ५५२ पाहा, तेथे १० म्हणजे ४८०० आणि ११ म्हणजे ९६००.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. दोन पिनांच्या चार्जरवर चालणाऱ्या लॅपटॉपच्या ग्राउंडवर चार्जरमधून झिरपणारे एसी व्होल्टेज असते. करंट नगण्य असतो, पण अंगाला झिणझिण्या आणणारा प्रकार हाच. केबल लावण्यापूर्वी मीटर एसीवर ठेवून अडॅप्टरच्या धातूच्या कडेपासून मशीनच्या बॉडीपर्यंत मोजा. चाचणीपुरता लॅपटॉप बॅटरीवर चालवा आणि केबल लावताना-काढताना मशीन बंद ठेवा. कायमच्या व्यवस्थेसाठी मध्ये ऑप्टिकल आयसोलेटर (विजेची थेट जोडणी न ठेवता प्रकाशाने सिग्नल पुढे देणारे उपकरण) घालणे मला योग्य वाटते, वेल्डिंग मशीन त्याच फेजवर असेल तर नक्कीच.

शिरोलीकर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. आज सकाळी मोजमाप केले. मशीनच्या २ नंबरवर उणे १०.८ व्होल्ट आणि ३ नंबरवर जवळपास शून्य आले. अडॅप्टरच्या ३ नंबरवर उणे ५.७ आले. म्हणजे दोघेही जिथे बोलत होते, नेमक्या त्याच पिना आमच्या केबलने एकमेकींना जोडल्या होत्या.

हूड (कनेक्टरचे आवरण) उघडून दोन डाग सोडवले आणि तारा बदलून पुन्हा दिले. केबल दोन्हीकडे लावून, हूड उघडेच ठेवून ७ च्या तुलनेत पुन्हा मोजले, तेव्हा २ आणि ३ या दोन्ही पिनांवर ऋण आकडा आला. आधी त्यांपैकी एक तार मृत होती, हे तेव्हाच लक्षात येऊ शकले असते. हूड उघडल्यावर आणखी एक गोष्ट सापडली: शील्डची वेणी दोन्ही टोकांना धातूच्या हूडखाली दाबलेली होती. लॅपटॉपच्या बाजूची कापून टाकली.

मशीनमधून चाळीस-पन्नास ओळींचा प्रोग्रॅम पंच केला, तो पहिल्याच वेळी सुरुवातीच्या टक्क्याच्या खुणेपासून शेवटच्या टक्क्याच्या खुणेपर्यंत स्वच्छ आला. मग एक लहान प्रोग्रॅम पाठवला, तोही गेला. आमचे इलेक्ट्रिशियन काका शेजारीच उभे होते. त्यांनी वही काढून जुन्या आकृतीवर "मोडेमसाठी" असे लिहिले आणि खाली नवी आकृती काढून घेतली.

आता नवीच अडचण आली आहे. कॅम (मशीनचे प्रोग्रॅम बनवणाऱ्या) सॉफ्टवेअरमधून निघालेला लांब प्रोग्रॅम पाठवला की मध्येच ०८७ अलार्म येतो. कधी दीडशे ओळींनंतर, कधी त्याआधी.

सांगली_सिरियल

मी अडॅप्टर म्हणत होतो तो याचसाठी.

वेर्णा_मेंटेनन्स

आता मात्र सांगलीकरांचे म्हणणे निम्मे खरे ठरते. अडॅप्टर बिघडलेला असेलच असे नाही, त्याचा स्वभाव आडवा येतो आहे.

मशीनचा बफर भरत आला की ती लॅपटॉपला थांब असे सांगते, आणि त्यासाठी डीसी३ हे अक्षर पाठवते, ज्याला संगणकाच्या बाजूला एक्सऑफ म्हणतात. त्यानंतर मशीन आणखी दहा अक्षरे सामावून घेते. अकरावे अक्षर आले की ०८७. जुन्या डेस्कटॉपचा पोर्ट थेट मदरबोर्डवर होता आणि तो चटकन थांबत असे. यूएसबीच्या मार्गावर दोन ठिकाणी उशीर होतो. एक म्हणजे मशीनने पाठवलेले एकटे एक्सऑफ अक्षर अडॅप्टर लगेच लॅपटॉपला देत नाही, थोडा वेळ आणखी अक्षरांची वाट पाहतो. एफटीडीआय कंपनीच्या चिपमध्ये हा वेळ मुळात १६ मिलिसेकंद असतो. ४८०० बॉडवर आपल्या सेटिंगमध्ये प्रत्येक अक्षराला स्टार्ट आणि स्टॉप धरून ११ बिट लागतात, म्हणजे सेकंदाला सुमारे ४३६ अक्षरे, आणि १६ मिलिसेकंदांत सात अक्षरे निघून जातात. दुसरे म्हणजे लॅपटॉप थांबला तरी अडॅप्टरच्या पोटात आधीच भरलेली अक्षरे बाहेर पडतच राहतात. सात आणि ही अक्षरे मिळून दहाची मर्यादा सहज ओलांडली जाते.

प्रथम पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फ्लो कंट्रोल एक्सऑन-एक्सऑफ निवडलेले आहे का ते पाहा. तेथे "नाही" असेल तर पुढचे सगळे व्यर्थ आहे. ते निवडलेले असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पोर्टच्या प्रगत सेटिंगमध्ये हा वाट पाहण्याचा वेळ ठरवणारा लेटन्सी टायमर असतो, तो १ किंवा २ वर आणा. तरीही अलार्म येत राहिला, तर एक्सऑफ स्वतः चिपमध्येच ओळखून तिथल्या तिथे थांबणारा अडॅप्टर घ्यावा लागेल. एफटी२३२आर चिप हे करते. ज्या लॅपटॉपवर किंवा जुन्या संगणकावर अस्सल सिरियल पोर्ट आहे तो मिळाला तर त्याहून उत्तम. जुन्या डेस्कटॉपच्या मागच्या बाजूचे २५ पिनांचे फीमेल सॉकेट मात्र सिरियल नव्हे, प्रिंटरचे असते. त्यात ही केबल घालू नका.

डाग_आणि_तार

बॉड रेट २४०० वर आणून पाहण्यासही हरकत नाही. त्याने अडॅप्टरच्या पोटातली अक्षरे कमी होणार नाहीत, पण उशिराच्या काळात जाणारी अक्षरे निम्मी होतील. वीस हजार अक्षरांचा प्रोग्रॅम ४८०० वर पाऊण मिनिटात जातो, तो दीड मिनिटात जाईल. जॉब लावायला त्याहून जास्त वेळ लागतो.

शिरोलीकर

सॉफ्टवेअरमध्ये फ्लो कंट्रोल निवडलेले होते. लेटन्सी टायमर २ वर आणल्यावर तीनपैकी दोन प्रोग्रॅम पूर्ण गेले. बॉड रेट २४०० केल्यावर तिसराही गेला आणि सायंकाळपर्यंत पुन्हा अलार्म आला नाही. तरीही चिपमध्येच थांबणारा अडॅप्टर मागवला आहे, कारण पुढच्या आठवड्यात येणाऱ्या डायचे प्रोग्रॅम याच्या चौपट लांब आहेत.

चार्जर लावलेला असताना अडॅप्टरची कड आणि मशीनची बॉडी यांच्यात एसी ८६ व्होल्ट दाखवले. आयसोलेटर येईपर्यंत लॅपटॉप बॅटरीवरच चालवतो आहोत. आयसोलेटर घेताना तो अडॅप्टर आणि केबल यांच्या मध्ये बसवायचा की यूएसबीच्या बाजूला, एवढे कोणी सांगितल्यास बरे होईल.

वेर्णा_मेंटेनन्स

दोन्ही प्रकार मिळतात. यूएसबीच्या बाजूचा घेतलात तर अडॅप्टरला लागणारी वीजही त्यालाच पुरवता आली पाहिजे, हे खरेदीपूर्वी विचारून घ्या. मी सिरियलच्या बाजूचा वापरतो, तो मशीनच्या कॅबिनेटमध्येच कायमचा बसवला आहे आणि त्याला वीज वेगळ्या पुरवठ्यातून दिली आहे. सॉकेटच्या २५ नंबरच्या २४ व्होल्टवर तो चालवण्याचा मोह होतो, तो टाळा.